गाण्याचा धनी कोण?

जुन्या संगीत नाटकाचे छापील पुस्तक उघडून पाहिले, तर बहुतेक पदांच्या शिरोभागी बारीक अक्षरांत एक ओळ आढळते. प्रथम 'चाल' हा शब्द, आणि त्यापुढे ज्या मूळ गाण्यावरून ती चाल उचलली त्याचा आरंभ. ते मूळ गाणे कधी लावणी असे, कधी कानडी पद, कधी उर्दू रंगभूमीवरील एखादी चीज. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले, त्या काळापासून पुढे कित्येक वर्षे हा शिरस्ता चालू राहिला. नाटककार दुसऱ्याची चाल घेत असे. परंतु ती घेतली आहे ही गोष्ट तो लपवीत नसे. ह्या उसनवारीचा मोबदला म्हणून कोणाच्या हातावर छदामही पडत नसे. मिळे ती केवळ नोंद.

ह्याहूनही जुनी नोंद संतांच्या अभंगांत आहे. अखेरच्या चरणात कवीचे नाव गुंफण्याच्या ह्या रीतीस नाममुद्रा असे म्हणतात. मुद्रा म्हणजे शिक्का. अभंग कोणीही गावा, कोणीही वहीत उतरून घ्यावा. किंबहुना जितका अधिक उतरला जाईल तितके पुण्य अधिक. अपराध एकच, शिक्का पुसण्याचा. उर्दू गझलेच्या शेवटच्या शेरात येणारे कवीचे टोपणनाव हीही तीच मुद्रा होय. वऱ्हाडात ही परंपरा अगदी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत सतेज राहिली. अमरावती जिल्ह्यातील यावली गावी १९०९ साली जन्मलेल्या तुकडोजी महाराजांनी खंजिरीच्या तालावर जी असंख्य भजने म्हटली, त्यांच्या शेवटी 'तुकड्या' हा शिक्का ठसठशीत उमटलेला असे. ती भजने मोझरीच्या गुरुकुंजापासून खेडोपाडीच्या भजनी मंडळांपर्यंत वह्यावह्यांतून गेली. ह्यात कोणी कोणाची चोरी केली असे कोणाच्या स्वप्नातही आले नाही.

मग प्रश्न असा उपस्थित होतो की, ज्या समाजात गाणे उतरून घेणे हे पुण्यकर्म होते, त्याच समाजात तेच कर्म कारावासास पात्र कसे ठरले? आणि ते तसे ठरल्यामुळे गाणाऱ्याच्या पदरात नेमके काय पडले? ह्या दोन प्रश्नांची उत्तरे शोधावयाची तर यंत्राच्या आगमनापासून आरंभ करावा लागतो.

१८७७ साली एडिसनने फोनोग्राफ सिद्ध केला. त्याआधी गाणे ही हवेत विरणारी वस्तू होती. गवई गेला की गाणे गेले. नाट्यगायक भाऊराव कोल्हटकर १९०१ साली निवर्तले, आणि अवघ्या पावणेदोन वर्षांनी, १९०२ च्या अखेरीस, ग्रामोफोन कंपनीचे फ्रेडरिक गायसबर्ग आपली यंत्रसामग्री घेऊन कलकत्त्यास उतरले. त्या फेरीत ज्यांचे गाणे तबकडीवर उतरले त्यांत गौहरजान ह्या प्रख्यात गायिका होत्या. गाणे संपताच त्या इंग्रजीत आपले नाव उच्चारीत. ह्याचे कारण असे की तबकड्या ठसविण्याचे काम जर्मनीत हॅनोव्हर येथे होई, आणि तेथील कारागिरांस हिंदी गायकांचे आवाज ओळखता येत नसत. कारण व्यावहारिक खरे. परंतु परिणामी नाममुद्रेची जुनी रीत नव्या यंत्रावरही अवतरली. कीर्ती मात्र शिक्क्याने आवरली गेली नाही. गौहरजान ह्यांचे चित्र असलेल्या काड्यापेट्या ऑस्ट्रियाहून येऊन हिंदुस्थानच्या बाजारांत विकल्या जाऊ लागल्या. गाणे ही विक्रीयोग्य वस्तू झाली, त्याबरोबर तिच्या आसपासची प्रत्येक वस्तू विकाऊ झाली, असे म्हणावयास हरकत नाही.

तबकडीचा व्यापार वाढला तसे एका गाण्याचे धनी अनेक झाले. ही गोष्ट ध्यानात येण्यासाठी वऱ्हाडातीलच एक उदाहरण घ्यावे. अमरावतीचे वीर वामनराव जोशी हे स्वातंत्र्यसंग्रामातील धडाडीचे पुढारी आणि तितकेच तेजस्वी नाटककार. त्यांचे 'रणदुंदुभि' हे नाटक १९२७ साली बळवंत संगीत मंडळीने रंगभूमीवर आणले. पदांना चाली रामकृष्णबुवा वझे यांच्या, आणि गाणारे मास्टर दीनानाथ मंगेशकर. दीनानाथांच्या आवाजातील पदे तबकडीवरही निघाली. आता अशी एक तबकडी हातात घेतली, तर तिच्यात शब्द अमरावतीचे, चाल वझेबुवांची, गळा दीनानाथांचा, साथ पेटी-तबला वाजविणाऱ्या मंडळींची, आणि साचा कंपनीचा. तीन-साडेतीन मिनिटांच्या त्या काळ्या थाळीत पाच जणांचे श्रम एकवटलेले. त्यांपैकी साच्याचा धनी कोण हे कायद्याने पुढे स्पष्ट सांगितले. बाकीच्या चौघांविषयी मात्र कायदा दीर्घकाळ अडखळत राहिला. ह्या अडखळण्यातच पुढील सगळ्या इतिहासाचे मूळ आहे.

तबकडीच्या आधी चोरी होत होती ती छापील स्वरलिपींची. लंडनच्या रस्त्यांवर लोकप्रिय गीतांच्या स्वस्त नकला फेरीवाले उघड विकीत. संगीताचे प्रकाशक इतके त्रासले की १९०५ साली त्यांनी नवी गीते छापण्याचेच थांबविले. ह्या धंद्याचा सूत्रधार जेम्स विलेट्स यास १९०६ च्या आरंभी शिक्षा झाली आणि त्याच वर्षी पार्लमेंटने कडक कायदा केला. लोक त्यास चाचेगिरीचा राजा म्हणत. समुद्रावरील लुटारूंचे नाव गाण्याच्या नक्कलखोरांसही लागले होते.

तबकडीची नक्कल करणे त्यामानाने अवघड. मूळ मेणाच्या थाळीवर सुईने जी नागमोडी रेघ कोरलेली असे, तिच्यावर विजेच्या साहाय्याने तांब्याचा थर चढवीत. तो थर सोलून काढला की उलटा साचा मिळे. त्या साच्याखाली तापविलेल्या लाखेचा गोळा दाबला की तबकडी तयार. नक्कलखोर एवढेच करी की बाजारात विकत घेतलेल्या तबकडीसच मूळ थाळी समजून तिच्यावरून साचा काढी. अमेरिकेत फोनोटिपिया कंपनीच्या युरोपीय गायकांच्या तबकड्यांची अशी नक्कल करून विकणाऱ्यांविरुद्ध १९०९ साली न्यायालयाने निकाल दिला. तेथे ध्वनिमुद्रणास मध्यवर्ती कायद्याचे संरक्षण त्या वेळी मुळी नव्हतेच. ते १९७२ साली मिळाले. न्यायालयाने अनुचित स्पर्धेच्या तत्त्वाचा आधार घेतला. ज्याने पेरले नाही त्याने कापू नये, इतका साधा तो विचार होता.

इंग्लंडच्या १९११ च्या कायद्याने हे काम सरळ केले. तबकडीच्या मूळ साच्यास त्या कायद्याने पन्नास वर्षांचे स्वामित्व दिले. १९१४ च्या कायद्याने तो काही फेरफारांसह हिंदुस्थानास लागू झाला. त्याच कायद्यात आणखी एक कलम होते. एखादे गीत रचनाकाराच्या संमतीने एकदा ध्वनिमुद्रित झाले, की दुसऱ्या कोणासही सूचना देऊन व ठरलेले मानधन भरून त्याच गीताची नवी तबकडी काढता येत असे. हे बीज त्या वेळी किरकोळ वाटले. सत्तर वर्षांनंतर त्याचा केवढा वृक्ष झाला ते पुढे येईल.

पहिल्या अर्धशतकात हिंदुस्थानात तबकड्यांची चोरी हा मोठा प्रश्न झाला नाही. त्याचे कारण लोकांचा सदाचार हे नसून कारखान्याचा खर्च हे होते. १९०८ साली कलकत्त्याच्या सियालदह भागात आणि १९२८ साली डमडम येथे ग्रामोफोन कंपनीने आपले कारखाने उभारले. एवढी यंत्रे उभारण्याची ऐपत ज्याच्यापाशी आहे तो चोर कशाला होईल, प्रतिस्पर्धी कंपनीच काढील. मुंबईची 'यंग इंडिया' ही १९३५ साली निघालेली कंपनी ह्याचे उदाहरण होय. यंत्रच पहारेकरी असल्यामुळे कायद्यास डुलकी घेता आली.

तथापि एक नवा तंटा ह्याच काळात निघाला. ब्रिस्टल शहरातील एका उपाहारगृहात गिऱ्हाइकांच्या करमणुकीसाठी तबकड्या वाजवीत. १९३४ साली न्यायालयाने सांगितले की तबकडी विकत घेतली म्हणजे ती चार लोकांत वाजविण्याचा हक्कही विकत घेतला असे होत नाही. ह्या निकालापासून तबकड्यांच्या सार्वजनिक वादनाची फी वसूल करणाऱ्या संस्था निघाल्या. हिंदुस्थानात तशी संस्था १९४१ साली स्थापन झाली. चहाच्या दुकानात वाजणारी तबकडी हा वऱ्हाडी माणसाला तोवर नवलाचा विषय राहिलेला नव्हता; परंतु त्या गाण्याबद्दल दुकानदाराने कोणास काही द्यावे, ही कल्पना मात्र त्याला अगदी चमत्कारिक वाटली असती. तशी ती आजही अनेकांस वाटते.

गाणाऱ्यास ह्या व्यवस्थेत काय मिळे? थोड्या नामांकितांस मानधन, कोणाकोणास विक्रीवरील अंश, आणि साथीदारांस त्या दिवसापुरती बिदागी. बोलपटांचा जमाना आल्यावर चित्रपटगीतांचे सारे हक्क निर्मात्याकडून कंपनीकडे जाऊ लागले. १९६० च्या सुमारास लता मंगेशकरांनी पार्श्वगायकांस तबकड्यांच्या विक्रीतील वाटा मिळावा असा आग्रह धरला. महंमद रफी यांना तो पटला नाही आणि दोघांनी काही वर्षे एकत्र गाणे बंद ठेवले. ज्या दीनानाथांनी वामनरावांची पदे महाराष्ट्रभर नेली त्यांच्याच कन्येला हा तंटा करावा लागला, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. त्या काळी तबकड्यांच्या नकला बाजारात जवळजवळ नव्हत्या. म्हणजे वाटा मिळत नव्हता तो चोरामुळे नव्हे, सावाच्या हिशेबामुळे.

ह्याच संदर्भात सर्वोच्च न्यायालयाचा १९७७ चा निकाल अत्यंत महत्त्वाचा आहे. गीतकार व संगीतकार यांच्या संस्थेने चित्रपटगृहांतून वाजणाऱ्या गीतांबद्दल मोबदला मागितला. न्यायालयाने सांगितले की निर्मात्याने मोल देऊन गीत रचून घेतले, विरुद्ध करार नसला, तर त्याचा धनी निर्माताच होय. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्यास एक स्वतंत्र टिपण जोडले आणि गाणाऱ्या गळ्यास कायद्यात काहीच स्थान नसावे ह्याबद्दल खेद प्रकट केला. ज्या देशात एकच चीज दहा गवई दहा प्रकारे गातात, तेथे गळ्याचा हक्क नाकारणे हे परक्या कायद्याचे लक्षण आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

अशा स्थितीत कॅसेट आली. फिलिप्स कंपनीने १९६३ साली सिद्ध केलेली ही चुंबकीय फीत हिंदुस्थानात सर्रास झाली ती १९७० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत. आखाती देशांत नोकरीस गेलेले लोक परतताना टेपरेकॉर्डर घेऊन येत. पुढे आयातीची बंधने सैल झाली आणि यंत्रे येथेच बनू लागली. तबकडीची नक्कल करावयास कारखाना लागत असे. फितीची नक्कल करावयास एक मेज आणि दोन यंत्रे पुरत. पहारेकरी एका रात्रीत नाहीसा झाला.

अमरावती आणि अकोला ह्या शहरांतील बाजारपेठांत त्या काळी जे दृश्य दिसे ते पुष्कळांच्या स्मरणात असेल. रेडिओ दुरुस्तीच्या दुकानावर 'कॅसेट भरून मिळेल' अशी पाटी. गिऱ्हाइकाने आपल्या आवडीच्या गाण्यांची यादी कागदावर लिहून द्यावी आणि सायंकाळी भरलेली फीत घेऊन जावी. एका बाजूस भजने, दुसऱ्या बाजूस कव्वाली. चांदूरबाजार तालुक्यात बहिरमची जत्रा हिवाळ्यात महिनाभर भरते; अशा जत्रांतून, एस. टी. स्थानकांबाहेरून, आठवडी बाजारांतून पिवळट कागदी वेष्टनांतील फितींचे ढीग पडलेले असत. वेष्टनावर गायकाचा अस्पष्ट फोटो असे. कवीचे नाव बहुधा नसे. संगीतकाराचे असलेच तर चुकीचे असे. ह्या व्यवहारात विकणारा आणि घेणारा दोघेही स्वतःस चोर समजत नव्हते. वहीत अभंग उतरवून घेणाऱ्या आजोबांचा नातू फितीवर गाणे उतरवून घेत होता, इतकेच.

परंतु ह्या दोन उतरवण्यांत एक मोठे अंतर होते. ते समजण्यासाठी थोडा हिशेब करावा लागेल. समजा, एखाद्या कंपनीने दहा फिती काढल्या. ध्वनिमुद्रणगृहाचे भाडे, वादकांची बिदागी, गायकाचे मानधन, जाहिरात, कर, वितरकाचे कमिशन हा खर्च दहाही फितींवर झाला. त्यांतील आठ पडून राहिल्या आणि दोन खपल्या. त्या दोन फितींच्या नफ्यातून उरलेल्या आठांचे नुकसान भरून निघावयाचे असते. नक्कलखोर काय करतो? तो पडलेल्या आठांस हातही लावीत नाही. तो नेमक्या खपणाऱ्या दोन उचलतो. त्यास खर्च कोऱ्या फितीचा आणि विजेचा. म्हणजे तो कंपनीच्या उत्पन्नाचा काही भाग नेतो असे नव्हे, तर जो भाग नव्या प्रयोगाचे पोषण करतो नेमका तोच नेतो.

ह्याचा परिणाम प्रथम कोणावर होतो? मुंबईच्या बड्या गायकावर नव्हे. त्याची गाणी निघतच राहतात. परिणाम होतो तो नवव्या आणि दहाव्या फितीवर. कंपनीने हात आखडता घेतला की सर्वांत आधी कापली जाते ती अनोळखी गायकाची फीत, बोलीभाषेतील गीतांची फीत, जिल्ह्याच्या ठिकाणच्या कलावंताची फीत. अमरावती-अकोल्याकडील नवा गायक मुंबई-पुण्याच्या कंपनीच्या दारी गेला की त्यास ऐकावे लागणारे उत्तर ह्या हिशेबातून निघालेले असे. पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाऊससारख्या अल्प भांडवलाच्या, परंतु चोखंदळ दृष्टीच्या संस्थांस तर एका चांगल्या फितीची नक्कल हाही जड आघात होता.

न्यायालय आणि कायदेमंडळ ह्या दोघांनीही १९८४ साली ह्या प्रकाराची दखल घेतली. सिंगापूरहून कलकत्ता बंदरात आलेला आणि नेपाळकडे जावयाचा नकली फितींचा माल ग्रामोफोन कंपनीने अडवावयास सांगितला. माल हिंदुस्थानात विकावयाचा नाही, केवळ येथून जावयाचा आहे, असा बचाव झाला. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९८४ मध्ये तो फेटाळला. देशाच्या हद्दीत माल आणणे म्हणजेच आयात होय, असा निर्णय दिला. त्याच वर्षी स्वामित्वहक्काच्या १९५७ च्या कायद्यात दुरुस्ती झाली. शिक्षा सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत आणि दंड पन्नास हजारांपासून दोन लाख रुपयांपर्यंत ठरला. फितीच्या वेष्टनावर निर्मात्याचे नाव, पत्ता व वर्ष छापणे सक्तीचे झाले. पाहावयाचे ते हे की छापावयाचे नाव निर्मात्याचे. कवीची नाममुद्रा कायद्यानेही परत आणली नाही.

येथे दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. चोरी बोकाळली ह्याचा सारा दोष चोरावर टाकून भागणार नाही. दीर्घकाळच्या मक्तेदारीमुळे ग्रामोफोन कंपनीस मोजका, महाग आणि मुख्यतः चित्रपटांचा माल विकण्याची सवय जडली होती. गिऱ्हाईक दुप्पट-चौपट वाढले तरी माल वेळेवर पोहोचत नसे. जेथे रास्त भावात चोख वस्तू मिळत नाही तेथे चोरबाजार भरतो, हा धान्याचा नियम गाण्यासही लागू आहे. ह्याच पोकळीत गुलशनकुमार यांची टी-सीरीज ही संस्था उभी राहिली. १९११ च्या कायद्यातील त्या जुन्या कलमाचा वारसा १९५७ च्या कायद्यातही होता. त्याचा आधार घेऊन गाजलेली गाणी नव्या, स्वस्त गळ्यांकडून पुन्हा गाऊन घेण्यात आली आणि फितीची किंमत सामान्यांच्या आवाक्यात आली. मूळ कंपन्यांनी ह्यास चोरीच म्हटले; प्रकरणे न्यायालयांत गेली; १९९५ साली दिल्ली उच्च न्यायालयात 'हम आपके हैं कौन' ह्या चित्रपटाच्या गाण्यांवरून असाच वाद झाला. परंतु स्वस्त अस्सल फीत बाजारात आल्यावर नकली फितीचे आकर्षण पुष्कळ घटले, हेही तितकेच खरे. पोलिसांच्या छाप्यांनी जे साधले नाही ते काही अंशी किमतीने साधले.

आणि फितीने दिलेले दानही विसरता येत नाही. तबकडीच्या राज्यात ज्यांना दार उघडले नव्हते ते आवाज फितीवर उमटले. वामनदादा कर्डक यांची आंबेडकरी गीते वऱ्हाडातील वस्त्यावस्त्यांतून फितींच्या द्वारे घुमू लागली. त्यांच्या गीतांतही शेवटी 'वामन' ही मुद्रा असे. परंतु अनेक गायकांनी ती गीते गाइली, अनेकांनी त्यांच्या फिती विकल्या, आणि कवीच्या संसारात त्यामुळे सुबत्ता आली असे कोणी म्हणणार नाही. १९३२ साली अमरावतीत जन्मलेले सुरेश भट यांनी मराठी गझल घरोघर नेली. 'सिंहासन', 'उंबरठा' ह्या चित्रपटांतील त्यांची गीते हृदयनाथ मंगेशकरांच्या चालींवर साऱ्या महाराष्ट्राने ऐकली. त्याच अमरावती जिल्ह्यातील आष्टगावचे भीमराव पांचाळे यांनी मराठी गझलगायन हेच जीवितकार्य मानले. अकोल्याचे कवी विठ्ठल वाघ यांचे काळ्या मातीवरील गीत १९८१ च्या 'अरे संसार संसार' ह्या चित्रपटात आले, अनिल-अरुण ह्या जोडीने त्यास चाल दिली, आणि ते शेतकऱ्यांच्या ओठांवर असे बसले की पुष्कळांस ते परंपरागत लोकगीतच वाटते.

वरवर पाहता कवीस ह्याहून मोठा सन्मान नाही. परंतु त्या सन्मानातच त्याचे नाव बुडते. 'लोकगीत' ह्या शब्दाखाली दडपले गेलेले गीत मग कोणीही उचलावे, कोणत्याही फितीत घालावे, आणि कवीस विचारू नये, असा प्रघात पडतो. जुन्या काळी लोकगीत म्हणजे ज्याचा कर्ता काळाच्या उदरात गडप झाला ते गीत. नव्या काळी कर्ता हयात असतानाच त्याचे गीत लोकगीत ठरू लागले.

१९९४ च्या दुरुस्तीने गाणाऱ्या-वाजविणाऱ्यांस प्रथमच त्यांच्या प्रयोगावर काही हक्क दिला. पुढे १९९९ साली त्याची मुदत पंचवीस वर्षांवरून पन्नास वर्षे झाली. मात्र हक्क कागदावर येण्याच्या त्याच सुमारास ध्वनी फितीवरून सुटून अंकांत शिरला. एमपी-३ ह्या पद्धतीने शंभर-दीडशे गाणी एका चकतीत मावू लागली. फितीची नक्कल दर पिढीस थोडी मंद होत जाई, जणू चोरीलाही निसर्गाने मर्यादा घातली होती. अंकांची नक्कल मुळाइतकीच स्वच्छ. तिसरी पिढी काय आणि तिनशेवी काय, सारखीच. १९९९ साली अमेरिकेत निघालेल्या नॅपस्टरने घरबसल्या गाणी वाटण्याची सोय केली. दोन वर्षांत न्यायालयाच्या हुकमाने ती बंद झाली, परंतु वाट पडली ती पडलीच. वऱ्हाडात ही लाट मोबाईलच्या दुकानांतून आली. 'कॅसेट भरून मिळेल' ही पाटी उतरली आणि मेमरी कार्ड भरून देणारे संगणक तेथे बसले. धंदा तोच, मेज तेच.

महाराष्ट्र सरकारने २००९ साली आपल्या स्थानबद्धतेच्या कायद्यात झोपडपट्टीदादा आणि हातभट्टीवाले ह्यांच्या पंक्तीस 'व्हिडिओ पायरेट' बसविले. त्या व्याख्येचा रोख चित्रपट आणि त्यातील ध्वनी ह्यांवर आहे. चित्रपटाच्या बाहेर गाणारा जिल्ह्याचा भजनकरी किंवा गझलगायक तिच्या छत्राखाली सहजी येत नाही. कायद्याचा दिवा मोठ्या घरावर प्रथम लागतो, हा अनुभव येथेही आला.

१९७७ च्या निकालाचे परिमार्जन २०१२ साली झाले. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत ह्या प्रश्नाचा पाठपुरावा केला. नव्या दुरुस्तीने गीतकार व संगीतकार यांचा मोबदल्यातील समान वाटा असा पक्का केला की, चित्रपटगृहात चित्रपटासोबत वाजणारे गीत वगळता, तो त्यांना करारानेही सोडून देता येऊ नये. गायक-वादकांच्या हक्कांसही पुष्टी मिळाली. तबकडीवरील पाच धन्यांपैकी चौघांना कायद्याने ओळखले, ते असे एका शतकाच्या विलंबाने. ह्याच काळात श्रोत्यांची रीतही पालटली. महिन्याकाठी थोडी वर्गणी भरून किंवा जाहिराती सोसून पाहिजे ते गाणे ऐकण्याची सोय झाली. जगभरच्या ध्वनिमुद्रण व्यवसायाचे उत्पन्न २०१४ च्या सुमारास तळास जाऊन पुन्हा वर चढले. रास्त आणि सुलभ मार्ग मिळाला की बहुतेक माणसे आडवाटेने जात नाहीत, हा कॅसेटच्या काळचा धडा दुसऱ्यांदा पटला.

तरीही सीमारेषेचे वाद मिटलेले नाहीत. लग्नाच्या वरातीत वाजणाऱ्या गाण्यांस कायद्याने सूट दिली आहे. ती सूट नेमकी कोठवर, यावर केंद्र सरकारच्या एका खात्याने २०२३ मध्ये सूचना काढली. गोवा सरकारने त्याच धर्तीवर काढलेले परिपत्रक मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ऑगस्ट २०२४ मध्ये रद्द ठरविले. ब्रिस्टलच्या उपाहारगृहातील प्रश्न नव्वद वर्षांनी मांडवात आला, असे म्हटले तर ते वावगे होणार नाही.

आता आरंभीच्या दोन प्रश्नांकडे वळता येईल. उतरून घेणे हा गुन्हा झाला, कारण वहीत उतरलेला अभंग विकला जात नव्हता आणि फितीत उतरलेले गाणे विकले जात होते. पहिल्या व्यवहारात कवीस कीर्ती मिळे व कोणाचाही खिसा भरत नसे. दुसऱ्या व्यवहारात कोणाचा तरी खिसा भरतो, आणि तो कवीचा नसतो. आणि गाणाऱ्याच्या पदरात काय पडले? चोरीच्या काळात थोडे, सावकारीच्या काळातही फारसे नाही; हक्काची भाषा आता कोठे त्याच्या कानी पडू लागली आहे.

पैशाचा न्याय न्यायालये आणि कंपन्या ह्यांच्या हाती आहे. नावाचा न्याय मात्र प्रत्येक घराच्या हाती आहे. सुशिक्षित कुटुंबांत गाणे लागले की मुले विचारतात, हे कोणी गायले? त्यांस आणखी दोन प्रश्न विचारावयास शिकविले पाहिजे: हे कोणी लिहिले, आणि चाल कोणाची? गणेशोत्सवाच्या मंडपात, शाळेच्या स्नेहसंमेलनात, भजनी मंडळाच्या फलकावर ती दोन नावे लिहावयास पैसा लागत नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या नाटकाच्या पुस्तकात एका खिळ्याच्या ओळीत जे सौजन्य मावत होते, ते आजच्या काचेच्या पडद्यावर मावण्यास जागा खचित अपुरी नाही.